नानांचा डबा

दर दिवाळीला या सदरात मी भाषेची काहीतरी कुरापत काढावी आणि वाचकांनी पत्रे पाठवून माझ्याच शुद्धलेखनाच्या चुका मला दाखवाव्यात, असा आमचा जुना शिरस्ता आहे. यंदा मात्र त्या सुखाला दोघांनीही मुकायचे आहे. यंदाचा विषय पत्र्याच्या एका डब्यात बसला आहे, आणि तो डबा, मी हे लिहीत असताना, शेजारच्या खोलीत वाजतो आहे.

डबा मूळचा बिस्किटांचा. त्याच्या झाकणाला भोके पाडून सोळा बटणे आणि सोळा इवलेसे दिवे बसवले आहेत. एक फिरवायची कळ आहे, दोन ओळींची एक निळी काचपाटी आहे. पहिल्या बटणावर लाल रंगाने × असे चिन्ह आहे आणि नवव्यावर शून्य. भातखंडे पद्धतीने ताल लिहिताना समेला आणि खालीला हीच चिन्हे देतात. ही सारी कारागिरी आमच्या कन्येची. ती इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. भजनी मंडळात 'पेटी' म्हटले की ती बाजाची, म्हणून या वस्तूला पेटी म्हणण्याची सोय नव्हती. नानांनी पहिल्याच दिवशी तिचे नाव 'डबा' ठेवले. रेल्वेच्या माणसाला हे नाव जवळचे वाटले असावे.

नाना म्हणजे माझे वडील. पश्चिम रेल्वेच्या लोकलवर गार्ड होते. या हुद्द्याला २०२२ सालापासून 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात. नानांना ते पसंत नाही. "मॅनेजर बँकेत असतो, गाडीवर गार्डच," असे त्यांचे मत आहे. चर्चगेट ते विरार हे साठ किलोमीटर त्यांनी नोकरीत किती वेळा पालथे घातले याचा हिशेब नाही. पण शनिवारची रात्र त्यांनी शक्यतो राखून ठेवलेली असे. वसईला आमच्या आळीतल्या मारुतीच्या देवळात शनिवारी भजन होते, आणि तिथे तबल्यावर नाना. मी लहान असताना झोपेत मला लोकलचा आवाज आणि नानांचा केरवा यांतला फरक कळत नसे.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा राहिली, पाय महिन्या-दीड महिन्यात चालता झाला. उजवा हात मात्र परत आला नाही. बोटे हलतात, पण चहाचा कप धरण्यापुरतीसुद्धा नाहीत. मंडळाने दुसरा तबलजी आणला नाही. नुसत्या टाळांवर भागवले. ही रिकामी ठेवलेली जागाच नानांना अधिक लागली असावी. देवळातल्या भजनाचा आवाज आमच्या गॅलरीत स्पष्ट येतो. शनिवारी रात्री नाना उठून गॅलरीचे दार लावून घेऊ लागले. घरात त्याविषयी कोणी काही बोलले नाही. मध्यमवर्गीय घरात अशा गोष्टींविषयी बोलत नाहीत; दार लावले तर पंखा लावतात.

बोलली ती नात. एके दिवशी तिने विचारले, "नाना, डावा हात शाबूत आहे ना? मग उजव्याचं मी बघते."

ज्यांचा तबल्याशी संबंध फक्त सिनेमातल्या कव्वालीपुरता आला आहे, त्यांच्यासाठी थोडे थांबून सांगतो. उजव्या हाताखाली असतो तो तबला, डाव्या हाताखाली डग्गा. 'ना', 'ति' हे बोल उजव्याचे. 'गे', 'क' हे डाव्याचे. 'धा' हा बोल मात्र दोघांचा. उजव्याचा 'ना' आणि डाव्याचा 'गे' एकाच क्षणी पडले तरच कानाला 'धा' ऐकू येतो. केरव्याच्या आठ मात्रा आहेत: धा गे ना ति, न क धि न. यांत चार ठिकाणी डाव्याचे काम आहे, सहा ठिकाणी उजव्याचे, आणि दोन जागी, 'धा'वर आणि 'धि'वर, दोघांनी एकदम पडायचे. कन्येची योजना अशी की डग्गा नानांनी वाजवावा आणि उजव्या हाताचे सहा बोल डब्याने वाजवावेत. एक तबला, त्याचे निम्मे माणसाकडे, निम्मे यंत्राकडे.

बोल कुणाचे घ्यायचे? तिने माळ्यावरची एक जुनी कॅसेट काढली. नानांच्या भरातल्या दिवसांत कुणीतरी देवळात भरून घेतलेली. तिच्यातून शोधून शोधून तिने टाळांचा गलका नसलेला एक 'ना', एक 'ति' आणि एक 'तिं' कापून काढला. डब्यातल्या चिपची सारी साठवण ३२ किलोबाइटची. आजच्या मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही तिच्यात मावायचे नाही. सेकंदाला आठ हजार आकडे या बेताच्या प्रतीने आवाज साठवला तरी चार सेकंदांत ती भरते. म्हणून तीनच बोल, प्रत्येक सेकंदाहून लहान. पण ते नानांच्या स्वतःच्या उजव्या हाताचे होते. पहिल्यांदा बटण दाबून तिने 'ना' ऐकवला तेव्हा नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शाई जरा उतरलेली होती तेव्हा."

अशा यंत्राला 'स्टेप सिक्वेन्सर' म्हणतात असे मला सांगण्यात आले. नाव नवे असले तरी युक्ती जुनी आहे. चावी दिली की गाणे वाजवणारी परदेशी संगीतपेटी काही वाचकांनी पाहिली असेल. तिच्यात एक रूळ फिरतो आणि त्याच्यावरच्या खुंट्या पोलादी पात्यांना छेडत जातात. अमेरिकेतल्या वुर्लिट्झर कंपनीने १९५९ साली 'साइडमन' नावाचे तालयंत्र बाजारात आणले, त्यात विजेवर फिरणारी तबकडी होती. पुढे फिरणारे भाग गेले आणि नुसता हिशेब उरला. आपल्याकडे बंगळूरच्या जी. राज नारायण या बासरी वाजवणाऱ्या अभियंत्याने १९७९ साली विजेवरचा तंबोरा सिद्ध केला. पुढे त्याच घरातून तालमालाही निघाली आणि रियाझाच्या खोल्याखोल्यांतून पोहोचली. मुंबईत १९८२ साली चरणजित सिंग या सिनेमासंगीतातल्या वादकाने रोलंड कंपनीची जपानी तालयंत्रे घेऊन त्यांच्यावर दहा राग वाजवले. ती तबकडी त्या वेळी फारशी कुणी मनावर घेतली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले जाणकार चकित झाले. पण या सगळ्या यंत्रांत एक गोष्ट समान: यंत्राने चालायचे आणि माणसाने त्याच्या मागून जायचे. एका बोलाचे दोन तुकडे करून त्यांतला एक सांभाळण्याचे काम त्यांच्यावर कुणी टाकलेले नव्हते. आमच्या डब्यावर ते आले, आणि तिथून सारी कथा सुरू झाली.

लॅमिंग्टन रोडवरून आणलेली चिपची पाटी 'अर्डुइनो' जातीची आहे. इटलीतल्या इव्रेया गावी २००५ साली विद्यार्थ्यांसाठी म्हणून ही पाटी जन्मली. तिच्या काळजाचे ठोके सेकंदाला एक कोटी साठ लाख पडतात. एवढ्या वेगाच्या प्राण्याला केरव्याच्या आठ मात्रा म्हणजे काय, असे मला वाटले होते. कन्येलाही वाटले होते. तिने मिनिटाला १३० मात्रांची लय धरली आणि प्रत्येक मात्रेचे दोन भाग करून आवर्तनाच्या सोळा पायऱ्या केल्या. एका पायरीला २३० मिलिसेकंद. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. प्रोग्रॅममध्ये 'डिले' नावाची एक आज्ञा असते. 'डिले २३०' असे लिहिले की चिप तेवढा वेळ हातावर हात ठेवून स्वस्थ बसते. म्हणजे बोल वाजवायचा, दिवा लावायचा, २३० थांबायचे. पुन्हा बोल, पुन्हा दिवा, पुन्हा थांबायचे. वाचायला किती सरळ!

नाना दिवाणावर डग्गा घेऊन बसले. तीन-चार आवर्तने झाली आणि त्यांनी हात काढून घेतला.

"हिची सम मागाहून येते."

"नाना, सोळाही पायऱ्या सारख्याच आहेत. हे बघा, इथे लिहिलंय, २३०."

"लिहिलं असशील. सम मागाहून येते. 'धा' म्हणायचं तर 'गे-ना' होतंय."

आजोबा आणि नात यांच्यात दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी तिने कॉलेजातून मोजण्याचे उपकरण आणून पाहिले, आणि नाना बरोबर निघाले. चूक त्या निळ्या पाटीची. कितवे आवर्तन चालले आहे ते पाटीवर दिसावे म्हणून दर समेला डबा आधी पाटीच्या दोन्ही ओळी नव्याने लिहून काढी आणि मग बोल वाजवी. बत्तीस अक्षरे लिहायला त्याला चाळीसेक मिलिसेकंद लागत. म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. तेवढ्या वेळात आवाज हवेतून चौदा मीटर जातो. नानांचा डावा हात दिवाणावर आणि उजवा हात फाटकाबाहेर बसल्यासारखे झाले. एवढे कुणाला कळते, असे मी म्हणालो, तर कन्येने मला ऐकवले की सारख्या ठोक्यांची अशी रांग चालली असता एखादा ठोका सहा मिलिसेकंदांनी सरकला तरी ते कानाला कळू शकते, असे प्रयोगांती दिसले आहे. नानांना चाळीस कळले यात नवल नव्हते. नवल मला कळले नाही याचे.

वर्गात मी वीस वर्षे मात्रावृत्ते शिकवतो. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. फळ्यावर चिन्हे काढतो, गण पाडतो, परीक्षेत पाच गुणांचा प्रश्न घालतो. पण एक मात्रा म्हणजे किती वेळ, असे मला एकाही विद्यार्थ्याने आजवर विचारलेले नाही आणि मीही स्वतःला विचारलेले नाही. आमच्या मात्रा कागदावर राहतात. त्या कुणाच्या हातावर येऊन आदळत नाहीत.

असो. कन्येने क्रम बदलला: आधी बोल, मग पाटी. नाना वाजवू लागले. "आता 'धा' जुळला," ते म्हणाले. तिचा चेहरा खुलतो न खुलतो तोच, "पण पुढचा 'ना' लंगडतोय." अर्थात! पाटी लिहिण्याचे चाळीस मिलिसेकंद कुठे गेले नव्हते; समेच्या आधीचे नंतर आले होते, इतकेच. लिहून झाल्यावर डबा नव्याने २३० मोजायला बसे. समेनंतरची प्रत्येक पायरी तेवढी मागे सरके, आणि दर आवर्तनाला त्यात भर पडे. पाटीच काढून टाक, असे मी सुचवले. पण दिवे लावणे, बटणे तपासणे याही कामांना थोडा थोडा वेळ जातोच, आणि तो प्रत्येक वेळी साचत जातो, असे तिने मला समजावले. मला समजले नाही. नानांना समजले.

"तू दर स्टेशनवर घड्याळ नव्यानं लावतेस," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितले ते मी जसेच्या तसे लिहितो, कारण एवढे सोपे करून मला वर्गात कधी काही सांगता आलेले नाही. "हे बघ. बोरिवलीहून गाडी सुटली. विरारपर्यंत मधे स्टेशनं किती? दहिसर, मीरा रोड, भाईंदर, नायगाव, वसई, नालासोपारा. सहा. गार्डानं असं ठरवलं, की गाडी येऊन थांबली की तिथून अर्धा मिनिट मोजायचा आणि दोन घंटा द्यायच्या, तर काय होईल? दहिसरला दारात कुणी लटकला, दहा सेकंद गेले. मीरा रोडला आणखी दहा. सहा स्टेशनांत मिनिट गेलं. विरारला मिनिटभर उशीर, आणि चूक कुणाचीच नाही. असं करत नाहीत. गार्डाच्या हातात वेळापत्रक असतं. भाईंदर सुटायची वेळ अमुक. गाडी आली कधी हे विचारायचंच नाही. उशिरा आली तर कमी थांबेल, वेळेवर आली तर पुरती थांबेल, पण सुटेल ती वेळापत्रकावर. दहिसरचा उशीर दहिसरला राहतो. तो विरारपर्यंत न्यायचा नसतो."

"आणि घंटा?" मी आपले विचारले.

"एक दिली की थांब, दोन दिल्या की नीघ. मोटरमन तिकडच्या टोकाला, गार्ड इकडच्या. मधे सगळी गाडी. दोघांना जोडणारी ती घंटा."

विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ रोजी धावली. तेव्हापासून या मार्गावर जी विद्या चालत आली आहे ती आमच्या कन्येला तिच्या पुस्तकात सापडली नव्हती. वस्तुतः होती, तिने मागाहून मला ते पान दाखवले. पण पुस्तकातली गोष्ट घरातल्या माणसाने सांगितल्याशिवाय खरी वाटत नाही, हा माझाही अनुभव आहे.

तिने 'डिले' काढून टाकला. आता चिप स्वस्थ बसत नाही. तिच्यात एक आतले घड्याळ असते, वीज आल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते सांगणारे. त्या घड्याळाकडे ती सारखी पाहत राहते, आणि पुढच्या बोलाची ठरलेली वेळ झाली की वाजवते. ती ठरलेली वेळ, मागचा बोल प्रत्यक्षात कधी वाजला यावरून काढायची नाही. तो कधी वाजायला हवा होता त्यात २३० मिळवून काढायची. सगळी मेख या एका बेरजेत होती. मधल्या फटीत पाटी लिहून होते, दिवे लागतात, बटणे पाहिली जातात, आणि चाळीस मिलिसेकंद दोनशेतिसांत कुठे नाहीसे होतात ते कळतही नाही.

नानांनी त्या दिवशी पाऊण तास वाजवले. आमची मंडळी स्वयंपाकघरातून दोनदा येऊन काही कारण नसताना खोली झाडून गेली.

पण तरुण माणसाला झालेले काम पुरत नाही. कन्येच्या लक्षात आले की १३० च्या लयीला एक पायरी २३० ची नसून २३०.७७ ची आहे. चिपने अपूर्णांक टाकून दिला होता. पाच मिनिटांत तेराशे पायऱ्या होतात. तेवढ्यात डबा पूर्ण एक सेकंद पुढे जाई. नानांना हे सांगितले तर ते म्हणाले, "पाच मिनिटांत सेकंद? भजनी मंडळ तेवढं चहाच्या आशेनंसुद्धा पुढे जातं. राहू दे." तिने राहू दिले नाही. तिने मिलिसेकंदांचे घड्याळ सोडून मायक्रोसेकंदांचे, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचे, घड्याळ धरले. आता पायरी २३०७६९ ची झाली आणि चूक नाहीशी होण्याइतकी बारीक झाली. या सुधारणेच्या पोटात काय होते ते श्रावणात कळले.

श्रावणातल्या एका शनिवारी नाना देवळात गेले. आठ महिन्यांनी. डग्गा मी उचलला, डबा नातीने. पावसाने गल्लीत घोटाभर पाणी होते. मंडळींनी फार काही बोलून न दाखवता नानांची जागा सरकून करून दिली. बुवांनी पेटीचा भाता सोडला आणि नेहमीसारखे भजन सुरू झाले. पहिल्या दोन अभंगांत लोक डब्याच्या दिव्यांकडे पाहत होते. तिसऱ्यापासून कुणी पाहीना. मी खांबाला टेकून बसलो होतो. खरे सांगायचे तर डोळे मिटले असता तिथे काही कमी आहे असे मला वाटले नाही.

नऊ वाजून गेले असतील. अभंग रंगात आला होता, आणि डबा एकाएकी पिसाळला. ना-ति-ना-ना-ति-ति असा, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा, नुसता एक खडखडाट झाला. मग तो साफ गप्प झाला. दिवेसुद्धा जिथल्या तिथे थिजले. कन्येचा चेहरा पांढरा पडला. टाळ अडखळले.

नाना थांबले नाहीत. डावा हात डग्ग्यावर चालू ठेवून त्यांनी उजव्या हाताचे बोल तोंडाने म्हणायला सुरुवात केली. तबल्याची तालीम घेतलेल्या प्रत्येकाने बोल हातात येण्याआधी तोंडाने घोकलेले असतात. हाताने सोडलेले तोंडाला आठवत होते. ना ति, न, धि न. टाळ पुन्हा जमले. वीस-पंचवीस सेकंदांनी डबा आपण होऊन परत सुरू झाला, पण भलत्याच मात्रेवर. कन्येने झडप घालून त्याची वीज काढली. उरलेला अभंग नानांनी डाव्या हाताने आणि तोंडाने पुरा केला. घरी येईतो त्यांचा आवाज बसला होता.

कुणीतरी भजन मोबाइलवर घेतले होते, म्हणून वेळ नेमकी कळली. डबा चालू केल्यापासून एकाहत्तर मिनिटे पस्तीस सेकंद. त्या रात्री दोन वाजेपर्यंत कन्येच्या खोलीत दिवा होता. मायक्रोसेकंदांचे घड्याळ ४२९४९६७२९५ पर्यंत मोजते आणि मग पुन्हा शून्यावर येते. तिथवर पोहोचायला त्याला बरोबर एवढाच वेळ लागतो. आधीच्या मिलिसेकंदांच्या घड्याळाला तेच व्हायला एकोणपन्नास दिवसांहून अधिक लागले असते, आणि इतके लांबलेले भजन वसईत अजून झालेले नाही. पुढच्या बोलाची वेळ शून्याच्या पलीकडे गेल्यामुळे तिचा आकडा लहान झाला. घड्याळ अजून अलीकडे, मोठ्या आकड्यावर. 'वेळ होऊन गेली' असे समजून डब्याने भराभर बोल टाकले, प्रत्येक बोलागणिक पुढची वेळ आणखी पुढे ढकलली, आणि मग घड्याळ खरोखर शून्यावर आल्यावर त्या पुढे पळालेल्या वेळेची वाट पाहत बसला.

उपाय एका ओळीचा निघाला. दोन वेळांत मोठी कोणती असे न विचारता दोहोंतले अंतर विचारायचे. अकरा वाजल्यापासून दोन वाजेपर्यंत किती तास, असे विचारले तर भिंतीवरचे घड्याळ मधे बाराला वळसा घालून गेले तरी आपण तीनच म्हणतो. अकरा मोठे की दोन, या वादात आपण पडत नाही. ती ओळ लिहून तिने डबा दोन तास चालवून पाहिला, मग रात्रभर, मग तो नानांपुढे ठेवून म्हणाली, "सॉरी नाना."

"बिघाड गाडीत होतोच," नाना म्हणाले. "त्याचं काही नाही. पण डबा ऐकत नाही, त्याचं काय?"

हे खरे दुखणे होते आणि ते त्यांनी आजवर मनात ठेवले होते. भजन शेवटाकडे चढते. टाळकऱ्यांच्या अंगात येते, बुवा पुढे जातात. ती चढण तबलजीने ओळखायची असते. डब्याची कळ फिरवायला नातीने शेजारी बसावे लागे, आणि ती फिरवेपर्यंत क्षण निघून जाई. शिवाय डबा आता इतका बरोबर वाजत होता की नानांना तो सरकारी कचेरीतल्या टाइपरायटरसारखा वाटू लागला होता. या दुसऱ्या तक्रारीवर अमेरिकेत रॉजर लिन यांनी १९८० सालच्या आपल्या तालयंत्रात तोड काढून ठेवली होती: मधल्या पायऱ्या नेमक्या मध्यावर न टाकता जराशा मागे टाकायच्या. किती मागे? कन्येने पुन्हा ती कॅसेट लावली आणि नानांचा तरुणपणीचा उजवा हात मोजला. अर्ध्या मात्रेवरचे त्यांचे बोल सगळे दहा-पंधरा मिलिसेकंद उशिरा पडत होते. कधी लवकर पडलेला एकही नाही. तेवढेच तिने डब्यात घातले.

पहिल्या तक्रारीसाठी तिने पितळेच्या नाण्याएवढी एक चकती आणली. तिला धक्का बसला की तिच्यात क्षणभर वीज उमटते. ती डग्ग्याच्या कडेला चिकटवली. आता नानांची थाप कधी पडली ते डब्याला कळते. थाप आपल्या हिशेबाआधी पडली तर तो आपले वेळापत्रक अलीकडे ओढतो, नंतर पडली तर मागे सारतो, आणि हे तीन-चारदा एकाच बाजूला झाले की लयच बदलतो. गंमत अशी की तो फरकाच्या फक्त एक चतुर्थांश इतका सरकतो. प्रथम तिने त्याला पूर्ण सरकायला लावले होते. तेव्हा डबा नानांसाठी सरके, नाना डब्यासाठी सरकत, आणि लखनौच्या त्या दोन नबाबांसारखे 'पहले आप' करता करता दोघेही खड्ड्यात जात. एकाने थोडे हट्टी राहावे लागते. किती हट्टी, हे ठरवायला भाद्रपद गेला. अर्धा ठेवला तर नाना म्हणत, घाबरट आहे. दशांश ठेवला तर म्हणत, बहिरा आहे. चतुर्थांशावर त्यांनी मान हलवली.

गणपतीनंतर ते दर शनिवारी जातात. गॅलरीचे दार उघडे असते. डबा सुरू करायला आता कुणी शेजारी बसावे लागत नाही, बटणही दाबावे लागत नाही. बुवांनी पेटीवर सूर धरला की नाना डाव्या हाताने डग्ग्यावर दोन थापा देतात, आणि डबा निघतो.